‘स्मृतिचित्रे’तील श्रद्धेचा संसार : ख्रिस्ती वचन आणि दैनंदिन जीवन

प्रास्ताविक

मराठी आत्मचरित्रपर वाङ्मयात लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचे स्थान निर्विवाद आहे. १९३४ पासून चार भागांत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचे मराठी समीक्षेने मनःपूर्वक स्वागत केले. प्रांजळ कथन, निर्मळ विनोद, बोलीभाषेचा सहज वापर, एका अल्पशिक्षित स्त्रीची विलक्षण निरीक्षणशक्ती आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) या लहरी, उदार कवीचे घरातून टिपलेले व्यक्तिचित्र हे गुण वारंवार नोंदविले गेले आहेत. शालेय व महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांतून या ग्रंथातील उतारे अनेक पिढ्यांनी वाचले आहेत. तथापि या सर्व कौतुकात एक बाब काहीशी मागे पडलेली दिसते. ती म्हणजे या ग्रंथातील ख्रिस्ती श्रद्धा. धर्मांतर ही टिळक दांपत्याच्या जीवनातील एक नाट्यमय घटना म्हणून चर्चिली जाते. परंतु धर्मांतरानंतर श्रद्धा रोजच्या जगण्यात कशी वावरली, तिने कशाचा आधार दिला आणि त्या आधाराची किंमत कोणी मोजली, या प्रश्नांकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. श्रद्धेला पार्श्वभूमी मानून बाजूला ठेवले की हा ग्रंथ एका विक्षिप्त पतीच्या आणि सोशिक पत्नीच्या गमतीदार आठवणींपुरता उरतो. ग्रंथाचे मोठेपण मात्र त्याहून अधिक आहे.

प्रस्तुत लेखात ‘स्मृतिचित्रे’चा विचार याच दृष्टीने केला आहे. लक्ष्मीबाईंच्या लेखनात ख्रिस्ती श्रद्धा सिद्धान्ताच्या वाटेने येत नाही. ती पाणी, चूल, धान्य, पैसा आणि घरात येणारी माणसे यांच्या वाटेने येते. याच वाटेवर पवित्र शास्त्राचा आधार घेणारे दोघे जण आढळतात. एक वचनावर विसंबून उद्याची चिंता सोडून देणारा, आणि दुसरी त्याने सोडलेली चिंता उचलून पुन्हा देवावर विसंबणारी. या दोन विसंबण्यांतील अंतर हेच या ग्रंथाचे खरे आशयकेंद्र आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

सोवळ्याची व्यवस्था आणि पाण्याचा प्रश्न

‘स्मृतिचित्रे’चा आरंभ ख्रिस्ती धर्मापासून पुष्कळ दूर, नाशिकजवळील जलालपूरच्या एका ब्राह्मण घरात होतो. लक्ष्मीबाईंच्या मातुल आजोबांना १८५७ च्या उठावाच्या संदर्भात फाशी झाली आणि त्या आघातानंतर त्यांच्या वडिलांच्या मनात सोवळ्याओवळ्याचे वेड शिरले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात घ्यायची नाही, कोणाचा स्पर्श झाला की पुन्हा स्नान, या नियमांनी सारे घर जखडून गेले होते. लक्ष्मीबाई हे सर्व हसत हसत सांगतात. पण त्या हसण्यामागे एका स्त्रीच्या, म्हणजे त्यांच्या आईच्या, अखंड कष्टांची नोंद आहे. सोवळे पाळण्याचा आग्रह पुरुषाचा आणि त्यासाठी लागणारे पाणी वाहण्याचे, भांडी घासण्याचे, वस्त्रे वाळविण्याचे श्रम स्त्रीचे, हे या प्रारंभीच्या प्रकरणांचे न बोललेले सूत्र आहे.

या प्रारंभाचे महत्त्व पुढे कळून येते. जिच्या बालपणी धर्म म्हणजे पाण्याचा आणि स्पर्शाचा हिशेब होता, तिच्यापुढे नव्या धर्माचा प्रश्नही पाण्याच्याच रूपाने उभा राहतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचा काही काळ लक्ष्मीबाईंनी लहानग्या दत्तूसह पंढरपूर येथे नातलगांकडे काढला. पती हयात असून घर मोडलेले, अशी ती अवस्था होती. पुढे त्या टिळकांजवळ अहमदनगरला राहावयास आल्या, तेव्हाही आपले पाणी आणि आपला स्वयंपाक त्यांनी वेगळाच ठेवला. पतीने धर्म बदलला म्हणून आपली चूल बदलण्याचे कारण त्यांना दिसत नव्हते. टिळकांनीही त्याबाबत सक्ती केली नाही, ही गोष्ट त्या आवर्जून नमूद करतात.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशूचा परूशांशी झालेला संवाद आहे. हात न धुता जेवणाऱ्या शिष्यांवर आक्षेप घेतला जातो, आणि येशू असे सांगतो की बाहेरून आत जाणारी कोणतीही वस्तू माणसाला विटाळवीत नाही, जे अंतःकरणातून बाहेर पडते तेच त्याला विटाळविते. योहानाच्या चौथ्या अध्यायात तो शोमरोनी स्त्रीकडे विहिरीवर पाणी मागतो आणि यहुदी असून आपल्याकडे पाणी कसे मागतो याचे तिला आश्चर्य वाटते. पाश्चात्य वाचकाला हे प्रसंग बोधकथेसारखे वाटत असतील. सोवळ्यात वाढलेल्या महाराष्ट्रातील स्त्रीला ते घरातलेच वाटणार. लक्ष्मीबाई अशी वचने पुराव्यासारखी मांडून आपल्या परिवर्तनाचे समर्थन करीत बसत नाहीत. तथापि त्यांच्या जीवनातील निर्णायक क्षण नेमका याच स्वरूपाचा आहे. जातिभेद हा देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हा विचार त्यांच्या मनात आतल्या आत पक्का होतो आणि त्या कोणाच्याही हातचे पाणी पिऊ लागतात. येथे तर्कापाठोपाठ घोषणा येत नाही, घोट येतो. श्रद्धेचा पहिला पुरावा त्या स्वतःच्या घशाखाली उतरवितात.

पाच वर्षांचे अंतर

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि लक्ष्मीबाईंचा १९०० चा. या पाच वर्षांच्या अंतराकडे समीक्षेने अधिक गांभीर्याने पाहावयास हवे. लक्ष्मीबाईंचे धर्मांतर हे पतीमागून केलेले अनुगमन होते, पतिव्रतेच्या पारंपरिक आदर्शाचेच ते ख्रिस्ती रूप होते, असा एक आक्षेप घेता येण्याजोगा आहे. ग्रंथातील काही प्रसंगांनी त्याला बळही मिळते. पतीविरहाचे दुःख, त्याच्याकडे परतण्याची ओढ आणि मुलाच्या भवितव्याची काळजी या गोष्टी लक्ष्मीबाई लपवीत नाहीत.

परंतु घटनांचा क्रम या आक्षेपाला पुरेसा आधार देत नाही. त्या पतीकडे परतल्या, तेव्हा त्यांचा धर्म बदललेला नव्हता. केवळ सहवासासाठी धर्म बदलावयाचा असता, तर तो परतण्यापूर्वी किंवा परतल्यावर लगेच बदलता आला असता. आधी सहवास, नंतर आपल्या मनाने जातिभेदाचा त्याग, आणि त्यानंतर बाप्तिस्मा, असा येथील क्रम आहे. म्हणजे विधीच्या आधी आचरण बदलले. टिळकांच्या बाबतीत प्रवास निराळा होता. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने दिलेला नवा करार त्यांनी वाचला, डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले, त्यांनी चिंतन केले, पत्रव्यवहार केला, आणि मग ते निर्णयाप्रत आले. त्यांचा मार्ग ग्रंथाकडून जीवनाकडे जाणारा होता. लक्ष्मीबाईंचा मार्ग जीवनाकडून ग्रंथाकडे जातो. शास्त्र त्यांना पुढे भेटते आणि भेटते तेव्हा त्यातील पुष्कळसा भाग त्यांनी आधीच जगून झालेला असतो.

येथे एक मर्यादा ध्यानात घेणे आवश्यक आहे. ‘स्मृतिचित्रे’ हे घटनांच्या वेळी लिहिलेले रोजनिशीवजा टिपण नाही. टिळकांच्या मृत्यूनंतर, दीर्घकाळ ख्रिस्ती जीवन जगलेल्या एका वृद्ध स्त्रीने मागे वळून केलेले ते कथन आहे. त्यामुळे जुन्या घटनांना नंतरच्या श्रद्धेचा रंग लागणे स्वाभाविक आहे. असे असूनही लक्ष्मीबाई स्वतःचा पूर्वीचा विरोध, राग आणि भीती सौम्य करून सांगत नाहीत, हे त्यांच्या कथनाच्या विश्वसनीयतेचे गमक मानता येईल.

उद्याची चिंता कोणाची?

मत्तयाच्या शुभवर्तमानातील सहावा अध्याय हा दैनंदिन जीवनातील ख्रिस्ती विश्वासाचा पाया मानला जातो. प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर आज मागितली आहे. वर्षाची बेगमी मागितलेली नाही. त्याच अध्यायाच्या उत्तरार्धात आकाशातील पाखरे आणि रानातील फुले यांचा दाखला देऊन, काय खावे व काय पांघरावे याची चिंता करू नये, असा उपदेश आहे. टिळकांच्या कवीमनाला या उपदेशाने भुरळ घातली यात नवल नाही. हातचे देऊन टाकणे, दारी आलेल्याला घरात ठेवून घेणे, नोकरी सोडणे, मनात येईल तेव्हा न सांगता निघून जाणे, या त्यांच्या वृत्ती धर्मांतरापूर्वीही होत्या. धर्मांतराने त्यांना शास्त्राचे अधिष्ठान मिळाले. १९१७ मध्ये मिशनच्या वेतनाचा त्याग करून संन्यस्त वृत्तीने राहण्याचा आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन करण्याचा त्यांचा निर्णय म्हणजे याच वृत्तीची परिणती होय.

लक्ष्मीबाईंनी या गोष्टी सांगताना टिळकांविषयीचे प्रेम आणि आदर कोठेही कमी होऊ दिलेला नाही. परंतु त्यांच्या कथनात एक प्रश्न सतत डोकावतो. एकाने उद्याची चिंता सोडली म्हणजे ती नाहीशी होते काय? पाखरे पेरीत नाहीत हे खरे. पण घरट्यात चारा आणून घालण्याचे काम कोणाला तरी करावेच लागते. टिळकांनी घरी आणलेल्या पोरक्या मुलांच्या पोटात दोन वेळा अन्न पडते, कारण घरातील बाई डब्यात हात घालून किती धान्य उरले आहे ते पाहते. पतीचा ईश्वरावरील विश्वास हा व्यवहारात पत्नीच्या काटकसरीवर उभा असतो. ही गोष्ट लक्ष्मीबाई तक्रारीच्या सुरात म्हणत नाहीत, म्हणून ती कमी गंभीर ठरत नाही.

लूकाच्या दहाव्या अध्यायातील मार्था व मरिया या बहिणींचा प्रसंग येथे सहज आठवतो. मरिया प्रभूच्या पायांशी बसून वचन ऐकते आणि मार्था पाहुणचाराच्या कामात गुंतून जाते. मार्था तक्रार करते, तेव्हा मरियेने चांगला वाटा निवडला आहे असे तिला सांगण्यात येते. या प्रसंगाचे विवरण करताना प्रवचनकार बहुधा मरियेची बाजू घेतात. ‘स्मृतिचित्रे’ हे मार्थेने लिहिलेले पुस्तक आहे, असे म्हणावेसे वाटते. फरक इतकाच, की या मार्थेने काम करता करता वचनही ऐकले आहे, आणि तिला दोन्हींचे मोल ठाऊक आहे.

याचा अर्थ लक्ष्मीबाईंची श्रद्धा केवळ व्यवहाराची होती असा नव्हे. उलट, टिळकांपेक्षा त्यांचे देवावर विसंबणे अधिक कठीण होते. टिळक देवावर विसंबत तेव्हा त्यांच्या पाठीशी लक्ष्मीबाई असत. लक्ष्मीबाई देवावर विसंबत तेव्हा त्यांच्या पाठीशी दुसरे कोणी नसे. डबा रिकामा आहे हे पाहिल्यानंतर केलेली प्रार्थना आणि तो न पाहता केलेली प्रार्थना यांत फरक आहे. पहिल्या प्रकारच्या प्रार्थनेत वस्तुस्थितीचे पूर्ण भान असते आणि तरीही धीर असतो. दैनंदिन जीवनातील श्रद्धेचे हे रूप मराठी साहित्यात इतक्या स्पष्टपणे क्वचितच उमटले आहे.

अन्य ख्रिस्ती आत्मकथनांच्या संदर्भात

लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेचे वेगळेपण अन्य मराठी ख्रिस्ती व्यक्तींच्या तुलनेत अधिक उठून दिसते. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीचे लेखक बाबा पदमनजी (१८३१-१९०६) यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपल्या धर्मांतराची कथा सांगितली आहे. तेथे वाद, ग्रंथवाचन, परमहंस सभेसारख्या सुधारक मंडळींचा सहवास आणि सत्यासत्याचा बौद्धिक निवाडा यांना महत्त्व आहे. एकोणिसाव्या शतकातील सुशिक्षित तरुणाचा तो प्रातिनिधिक प्रवास होता. पवित्र शास्त्र तेथे प्रामुख्याने प्रमाण म्हणून येते.

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचा मार्ग तिसराच. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढे केडगाव येथे मुक्ती मिशन उभारले. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांच्या अनाथालयाचा आदर्श त्यांच्यापुढे होता. मागणी माणसांकडे न करता देवाकडे करावी, हा त्यामागील विश्वास होता. परंतु रमाबाईंनी या विश्वासाला शेती, विहिरी, माग आणि छापखाना यांची जोड दिली. दुष्काळातून आणलेल्या मुलींना त्यांनी प्रार्थना शिकविली आणि खिळे जुळविण्याचे कामही शिकविले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करण्याचा त्यांचा प्रचंड उद्योगही याच श्रद्धेचा भाग होता. सामान्य स्त्रीला समजत नाही ते वचन तिच्या रोजच्या जीवनाचा आधार होऊ शकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. विश्वासाने कृतीची जोड न घेतल्यास तो निर्जीव ठरतो, असे याकोबाचे पत्र सांगते. मुक्ती मिशन हे त्या वचनाचे संस्थात्मक रूप होते.

पदमनजींनी श्रद्धेचा युक्तिवाद केला, रमाबाईंनी तिची संस्था केली, लक्ष्मीबाईंनी तिचा संसार केला. युक्तिवादाला ग्रंथ लागतात आणि संस्थेला साधने लागतात. संसाराला यांपैकी काही हाताशी नसतानाही सकाळी चूल पेटवावी लागते. म्हणूनच ‘स्मृतिचित्रे’तील श्रद्धा संशोधकाच्या नजरेतून निसटते, तिची नोंद ठराव, अहवाल किंवा पुस्तिका यांत सापडत नाही.

विनोद आणि श्रद्धा

‘स्मृतिचित्रे’तील विनोदाची चर्चा बहुधा शैलीच्या अंगाने होते. या विनोदाचा श्रद्धेशी असलेला संबंधही तपासण्यासारखा आहे. लक्ष्मीबाई वडिलांच्या सोवळ्यावर हसतात, टिळकांच्या विसरभोळेपणावर हसतात आणि स्वतःच्या अज्ञानावर तर सर्वांत अधिक हसतात. जुन्या धर्माची थट्टा करून नव्याची प्रौढी मिरविणे हा धर्मांतरितांच्या लेखनात आढळणारा दोष त्यांच्या ठिकाणी नाही. हिंदू आप्तांविषयी त्या जिव्हाळ्याने लिहितात. पंढरपूरच्या दिवसांतील माणसे त्यांच्या लेखनात परधर्मीय म्हणून येत नाहीत, आपली म्हणूनच येतात. मिशनच्या वर्तुळातील माणसांनाही त्या त्याच नजरेने पाहतात.

ज्याला आपल्या आधाराची खात्री असते, त्यालाच असे हसता येते. भयातून पाळलेल्या धर्माला विनोद सोसत नाही. वडिलांच्या सोवळ्यात भय होते, म्हणून त्या घरात कोणाला हसण्याची सोय नव्हती. लक्ष्मीबाईंच्या प्रौढ वयातील श्रद्धेत ते भय उरलेले नाही. त्यामुळे विनोद हा त्यांच्या लेखनाचा केवळ अलंकार ठरत नाही. ते त्यांच्या श्रद्धेच्या निरोगीपणाचे लक्षण ठरते.

संसाराकडून ग्रंथाकडे

९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले. त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंपुढे उपजीविकेचा प्रश्न होता. त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचे काम पाहिले. पुढे मुलाबरोबर कराचीतही त्यांचे वास्तव्य झाले. याच उत्तरायुष्यात त्यांनी टिळकांच्या अपूर्ण राहिलेल्या ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे काम हाती घेतले. टिळकांच्या हातून त्याचे सुमारे दहा अध्याय झाले होते; लक्ष्मीबाईंनी साठांहून अधिक अध्याय रचून ते पूर्ण केले. हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला.

जिला औपचारिक शिक्षण मिळाले नाही आणि लिहिण्यावाचण्याचे धडे जिने लग्नानंतर घरातच गिरविले, त्या स्त्रीने ख्रिस्तचरित्राचा बहुतांश भाग काव्यबद्ध करावा, ही घटना वाङ्मयेतिहासात केवळ पतीचे अपुरे कार्य पुरे केले एवढ्या वाक्यात संपविली जाते. वस्तुतः प्रमाणाचा विचार करता ‘ख्रिस्तायन’ हे मुख्यतः लक्ष्मीबाईंचे काव्य आहे. संसारात उद्याची चिंता जिने वाहिली, तिनेच पतीच्या काव्याचाही उद्या सांभाळला. येथे दोन विसंबण्यांतील अंतर मिटल्यासारखे दिसते. ज्या शास्त्रावर टिळक विसंबले होते, ते आता लक्ष्मीबाईंच्या शब्दांवर विसंबून मराठीत पूर्णत्वास जाते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतील.

१. ‘स्मृतिचित्रे’तील ख्रिस्ती श्रद्धा ही ग्रंथाची पार्श्वभूमी नसून त्याच्या रचनेचे सूत्र आहे. सोवळ्याच्या पाण्यापासून कोणाच्याही हातच्या पाण्यापर्यंतचा प्रवास हा त्या सूत्राचा पहिला टप्पा होय.

२. लक्ष्मीबाईंच्या धर्मांतरात आचरणातील बदल विधीच्या आधी घडला. त्यामुळे ते धर्मांतर केवळ पतीचे अनुगमन म्हणून समजावून देता येत नाही.

३. वचनावर विसंबून निश्चिंत होण्याच्या आदर्शामागे स्त्रीचे अदृश्य श्रम असतात, हे या ग्रंथाने कोणताही आरोप न करता दाखवून दिले आहे. श्रद्धेचा गौरव आणि तिच्या व्यावहारिक किमतीची नोंद या दोन्ही गोष्टी येथे एकत्र नांदतात.

४. पदमनजींचा युक्तिवाद आणि रमाबाईंचे संस्थाकार्य यांच्या जोडीने लक्ष्मीबाईंचा संसार हाही मराठी ख्रिस्ती परंपरेचा एक स्वतंत्र आविष्कार मानला पाहिजे.

दैनंदिन जीवनातील श्रद्धेचा अभ्यास करताना प्रवचने, पत्रके आणि मिशनचे अहवाल यांच्याकडे प्रथम वळण्याची पद्धत आहे. घरात लिहिल्या गेलेल्या आठवणी ही त्या अभ्यासाची तितकीच महत्त्वाची साधने होत. मिशनचा अहवाल किती माणसे विश्वासात आली ते सांगतो. त्या विश्वासाने रोजचा डबा कसा भरला, आणि भरला नाही तेव्हा काय झाले, हे मात्र लक्ष्मीबाईच सांगू शकतात.